नव्या घरात तडे आणि गळती निघाली, बिल्डर ऐकत नाही : काय करायचं ते पायरी-पायरीनं, सोलापूरकरांसाठी

सोलापुरात पाऊस कमी म्हणून वॉटरप्रूफिंगकडं बांधताना कुणी फारसं बघत नाही, आणि मग सप्टेंबरात परतीचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला की जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी, बाळे सगळीकडून एकच रड सुरू होते, वरच्या मजल्यावर बेडरूमच्या भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, बिल्डरला फोन केला तर "मालक, माणूस पाठवतो" म्हणतो आणि माणूस काय येत नाही. आमच्या भागातल्या अशा बऱ्याच भांडणात कागदपत्रं लावून द्यायला मी बसलोय, आणि एक गोष्ट पक्की सांगतो, यात खरी असणारी माणसं सुद्धा हरतात, कारण पाणी नेमकं कुठनं येतंय ते त्यांना सांगता येत नाही आणि आपण बिल्डरला कधी सांगितलं त्याचा कागद त्यांच्याकडं नसतो. या दोन गोष्टी हातात असल्या की अर्धी भांडणं ग्राहक आयोगापर्यंत जातच नाहीत.

आधी बघा तुमचं प्रकरण कुठल्या प्रकारचं

सोलापुरात दोन प्रकार सरसकट दिसतात. एक, बिल्डरच्या स्कीममधला फ्लॅट किंवा रो हाउस. दुसरा, स्वतःचा प्लॉट आणि त्यावर ठेकेदाराकडनं बांधून घेतलेलं घर. दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत.

पहिल्याला रेरा कायदा २०१६, म्हणजे बिल्डरच्या घरप्रकल्पांसाठीचा केंद्राचा कायदा, लागू पडतो. त्याचं कलम १४(३) म्हणजे तुमचं मुख्य हत्यार. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरचा दोष असो की कामाचा, मालाच्या क्वालिटीचा, सोयींचा, तो बिल्डरच्या निदर्शनाला आणला की त्यानं ३० दिवसांत एक रुपया न घेता दुरुस्त करून द्यायचा, नाही केला तर तुम्हाला नुकसानभरपाई मागता येते. ॲग्रीमेंटमध्ये "एक वर्षाची गॅरंटी" असं छापलेलं दाखवून बरेच जण ग्राहकाला घरी पाठवतात. कायद्यानं दिलेली ५ वर्षं ॲग्रीमेंटमधल्या एका ओळीनं कमी होत नाहीत, त्यामुळं त्या ओळीला घाबरू नका. प्रोजेक्टचा नंबर ॲग्रीमेंटवर असतो, तो महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर टाकला की मंजूर नकाशा, बिल्डरचा नोंदवलेला पत्ता, प्रोजेक्टची माहिती सगळं निघतं, डाउनलोड करून ठेवा. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट ८ पर्यंतच असतील तर रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, आणि आपल्याकडं असल्या छोट्या बिल्डिंगा गल्लोगल्ली आहेत. नंबरच सापडला नाही तर आधी हे तपासा. अशांनी सरळ ग्राहक आयोगाचा विचार करावा.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्वतःच्या प्लॉटवर, रेराचा संबंध येत नाही. पण ठेकेदार पैसे घेऊन सेवा देतोय म्हणून ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. घरबांधणी ही सेवाच आहे हे सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सांगितलंय. इथं मात्र एक अडचण लक्षात घ्या. काम मटेरियलसकट स्क्वेअर फुटाच्या रेटनं दिलं असेल तर माल आणि काम दोन्हीची जबाबदारी ठेकेदाराची. नुसत्या लेबर रेटनं दिलं असेल, सिमेंट वाळू सळई तुम्ही आणून टाकली असेल, तर तो पहिल्याच दिवशी म्हणणार, तुमची वाळूच मातकट होती. मग कामाची चूक वेगळी दाखवावी लागते, म्हणजे पाणी मारलं नाही, सेंट्रिंग लवकर काढलं, सळईला कव्हर (सळईभोवतीचा काँक्रीटचा थर) ठेवलं नाही असलं.

कागद

फार लांबवत नाही. नोंदणीकृत ॲग्रीमेंट आणि त्यामागं जोडलेली स्पेसिफिकेशनची यादी, खरेदीखत, ताबा पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, पैसे दिल्याच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट, ब्रोशर, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं. स्पेसिफिकेशनची यादी कुणी वाचत नाही आणि तीच सगळ्यात कामाला येते, कारण तिथं टाइल्सची कंपनी, वॉटरप्रूफिंगचा प्रकार, पाइपचा ब्रँड लिहिलेला असतो. ठेकेदाराशी व्यवहार वहीतल्या पानावर झाला असेल तर ते पान, चेकचे नंबर, मालाची बिलं. काहीच लिखित नसेल तर आजपासून सुरू करा, "तुम्ही मटेरियलसकट अमुक रेटनं काम घेतलं होतं त्यात ही गळती निघाली" असा मेसेज टाका, तो त्याला उत्तर देतो त्यातनंच व्यवहार सिद्ध व्हायला मदत होते.

आणि ज्यांना अजून ताबा मिळायचाय त्यांनी "काम समाधानकारक आहे, काही तक्रार नाही" असं छापलेल्या ताबा पत्रावर डोळे झाकून सही करू नये. खाली पेननं दिसणारे दोष लिहायचे, मग सही, आणि त्याचा फोटो. बिल्डरचा ऑफिसबॉय तोंड वाकडं करेल, करू दे.

तडा कसला आहे, पाणी कुठलं आहे

इथं वेळ घाला, सगळी केस इथं उभी राहते.

प्लॅस्टरवर जाळीसारखे केसाएवढे तडे असतील तर ते बहुतेक प्लॅस्टर लवकर सुकल्याचे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४३-४४ वर असताना, पाणी नीट मारलं नाही की हे होतंच. इंडियन स्टँडर्ड ४५६ मध्ये काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी १० दिवस ओलं ठेवायला सांगितलंय, कोरड्या गरम हवेत त्याहून जास्त. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात साइटवर टँकर किती आले हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा असतो. हे तडे घर पाडत नाहीत, पण कामाचा दोष आहेतच.

कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत जिथं मिळते तिथं सरळ रेघ मारल्यासारखा तडा असेल तर जोडावर जाळी न मारता प्लॅस्टर ओढलंय. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या जरा खाली भिंतीत आडवा तडा असेल तर तो उन्हानं स्लॅब ताणल्याचा, टेरेसवर कोबा किंवा उष्णतेचं काही संरक्षण नसलं की हमखास येतो. खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरपा निघालेला तडा लिंटेलकडं (खिडकीवरच्या आडव्या पट्टीकडं) बोट दाखवतो, तो एकटा असला तर फार घाबरायचं कारण नसतं.

काळजी करायचे तडे दोन. विटांच्या थरांवरनं जिन्यासारखा चढत गेलेला तिरपा तडा, आणि बीम-कॉलमच्या लांबीनं गेलेला, तांबूस डाग पडलेला तडा. पहिला बहुतेक पायाचा. आपल्याकडं बऱ्याच लेआउटखाली काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. ओळखायची साधी खूण म्हणजे असा तडा मे महिन्यात रुंद होतो आणि पावसाळ्यात मिटल्यासारखा होतो. दुसऱ्यात आतली सळई गंजतेय, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट बाहेर ढकलते. स्लॅबचे तुकडे पडायला लागले असतील तर भांडण नंतर, आधी ती खोली रिकामी करा, टेकू लावा, इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा.

तड्यावर लक्ष ठेवायला खर्च लागत नाही. दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ आणि तारीख. मधोमध काचेची छोटी पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं दोन्ही बाजूला चिकटवून ठेवा, भिंत हलली की काच तडकते. फोटो दोन काढायचे, एक लांबनं खोली ओळखू येईल असा, एक जवळनं, शेजारी शाळेतली पट्टी धरून. दर महिन्याला तोच फोटो त्याच जागेवरनं.

ओलीचं तसंच. पाऊस नसताना पण बारा महिने ओल असेल तर बाथरूम किंवा पाइप. पावसानंतरच येत असेल तर टेरेस, पॅराफीट (टेरेसचा कठडा) नाहीतर खिडकीची बाहेरची बाजू. आणि आपल्या गावात तिसरी एक तपासणी आहे, नळाला पाणी आलं त्याच दिवशी ओल वाढते का बघा, वाढत असेल तर वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो किंवा टाकीकडं जाणारी लाइन पकडा, टेरेस उगाच फोडू नका. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल आणि पांढरा लोणा असेल तर जोत्याला डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नीट नाही किंवा बांधकामात बोअरचं खारं पाणी वापरलं असावं.

बाथरूमची टेस्ट अशी. नहाणी ट्रॅप चिंधीनं घट्ट बंद करा, इंचभर पाणी भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा, पाण्यात खायचा रंग टाका, चोवीस तास कुणी वापरायचं नाही. खाली रंग उतरला तर बहुतेक वॉटरप्रूफिंग गेलंय. रंग उतरला नाही पण रोजच्या वापरात गळतं तर पाइपचा जोड. हे करताना खालच्या फ्लॅटवाल्या काकूंना बरोबर घ्या, त्यांच्या छताचा व्हिडिओ पण पाहिजेच की. टाइल्स नाण्यानं वाजवून बघा, पोकळ वाजतात त्यांवर खडूनं फुली मारून पूर्ण फरशीचा फोटो काढा.

इंजिनिअरचा रिपोर्ट

तुमच्या मोबाइलमधले फोटो आयोगापुढं एका मर्यादेपर्यंतच चालतात. समोरचा म्हणणार की हे तर मेंटेनन्स न केल्यानं झालं. त्याला उत्तर सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच देऊ शकतो. बिल्डरच्या ओळखीचा नको, आणि तुमचा मेहुणा पण नको, उलट तपासात पहिला प्रश्न नात्याचाच येतो. वालचंद इन्स्टिट्यूट किंवा सरकारी पॉलिटेक्निकच्या सिव्हिल विभागात टेस्टिंगबद्दल विचारून बघा, कॉलेजच्या लेटरहेडला वजन असतं.

रिपोर्टमध्ये पाहणीची तारीख, प्रत्येक दोष कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीवर, त्याचं कारण, तो बांधकामाचा दोष आहे की वापरातला, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च बाबवार, एवढं आलंच पाहिजे. कारणाचं वाक्य स्पष्ट लिहून घ्या. "ओल आढळली" असं लिहिलेला रिपोर्ट काही कामाचा नाही, ओल आम्हालाही दिसतेय. काँक्रीटबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट होतात, भिंत न फोडता, आणि गरज पडली तर कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढतात. नुसत्या प्लॅस्टरच्या तड्यासाठी या महागड्या टेस्टच्या नादी लागू नका.

नोटीस

वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी नको असं माझं मत आहे. वकिलाचा कागद बघितला की बिल्डर पण वकील लावतो आणि बोलणं थांबतं. आधी स्वतःचं पत्र, पण कायद्याचं कलम घालून. साधारण असं :

"मी आपल्या प्रकल्पातील फ्लॅट क्र. … चा ताबा दि. … रोजी घेतला. त्यात पुढील दोष आढळले आहेत : १) मागील बेडरूमच्या पूर्वेकडील भिंतीत टेरेसमधून गळती, २) कॉमन बाथरूममधून खालच्या फ्लॅटच्या छतात गळती, ३) हॉलमधील अंदाजे वीस टाइल्स पोकळ. फोटो व अभियंत्याचा अहवाल सोबत जोडला आहे. हे दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवत असून रेरा कायदा २०१६ कलम १४(३) नुसार ते ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावेत. पाहणीसाठी दि. … किंवा दि. … रोजी यावे. दुरुस्तीची पद्धत काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवावी. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास मी योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागेन."

ठेकेदाराला लिहिताना रेराचं वाक्य काढून "सेवेतील त्रुटी" असं घाला. पत्र पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं, ॲग्रीमेंटमधल्या पत्त्यावर आणि महारेरावर नोंदवलेल्या पत्त्यावर, दोन्हीकडं. साइट ऑफिस बंद होऊन वर्ष झालेलं असतं, तिथं पाठवून उपयोग नाही. पार्टनरशिप फर्म असेल तर सगळ्या पार्टनरांना वेगवेगळं पाठवा, स्कीम संपली की पार्टनर एकमेकांकडं बोट दाखवतात. तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पण टाका. पाकीट "घेण्यास नकार" शेऱ्यानं परत आलं तर फोडू नका, तसंच सांभाळा.

टेरेस, लिफ्ट, पाण्याची टाकी, पार्किंग हे कॉमन दोष असतील तर सोसायटीनं ठराव करून एका माणसाला अधिकार द्यावा आणि सोसायटीच्या नावानं पत्र जावं. सोसायटी झालीच नसेल तर फ्लॅटधारकांनी एकत्र सह्या करा.

बिल्डर आला तर

येतो, बऱ्याचदा येतो. मिस्त्री घेऊन येतो, मिस्त्री तड्यात पांढरं सिमेंट भरतो, वरनं एक हात रंग मारतो आणि फोटो काढून "काम झालं" म्हणून ग्रुपवर टाकतो. त्याला काम करूच द्या, अडवलं तर उद्या तोच म्हणेल आम्ही गेलो होतो, यांनीच आत घेतलं नाही. पण पद्धत आधी लेखी मागा, करताना फोटो काढा, आणि झाल्यावर सही मागितली तर "काम झाले, पावसाळ्यानंतर तपासणीच्या अधीन" असं लिहूनच करा. गळतीचं काम पाण्याची टेस्ट घेतल्याशिवाय पूर्ण मानू नका.

त्याची नेहमीची उत्तरं पण ऐकून ठेवा. "तुम्ही ग्रिल ठोकली, भिंत फोडली." हे खरं असेल तर तेवढ्या भागापुरतं ऐकावं लागतं, म्हणून ताब्यानंतर काय बदल केले याची यादी स्वतःकडं असावी. ग्रिल हॉलला आणि गळती बाथरूमला असेल तर संबंध नाही, रिपोर्टमध्ये तसं लिहून घ्या. "ठेकेदार पळाला." त्याचा तुमचा करार नाही, बिल्डरचा तुमच्याशी आहे. "टेरेसची जाळी तुंबली म्हणून गळलं." यात कधी कधी तथ्य असतं बरं का, पावसाच्या पाइपात पाला अडकून टेरेसवर तळं साचलेलं मी बघितलंय आणि सोसायटीनं वर्षभर कुणाला वर पाठवलेलं नव्हतं. ती साफसफाई आपली, तिचीही नोंद ठेवा.

पाऊस तोंडावर आहे आणि दुरुस्ती थांबवता येत नाही असं असेल तर स्वतः करून घ्या, पण आधी पत्रानं तारीख कळवा, इंजिनिअरकडनं पाहणी उरका, काढलेल्या टाइल्स-प्लॅस्टरचे तुकडे तारीख लिहून पोत्यात ठेवा, आणि बिल पक्कं घ्या. हाती लिहिलेल्या चिठ्ठीवर खर्च मिळत नाही.

सोशल मीडियावर नावानिशी शिव्या घालू नका, अब्रुनुकसानीची नोटीस उलटी तुम्हालाच येते. पोलीस स्टेशनच्या चकरा पण वाया जातात, गळतीच्या तक्रारीला तिथं "हे दिवाणी आहे" एवढंच ऐकायला मिळतं.

तीस दिवस गेले, आता कुठं

प्रोजेक्ट नोंदणीकृत आहे, पाच वर्षं झालेली नाहीत आणि तुम्हाला मुख्यतः दुरुस्ती करूनच पाहिजे, तर महारेरा. तक्रार ऑनलाइन, फी पाच हजार रुपये, सुनावणी व्हिडिओवर होते त्यामुळं दर तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देतं, नुसती नुकसानभरपाई पाहिजे असेल तर ती ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी असतो, म्हणून अर्जात काय मागताय ते नीट वेगळं करा. महारेराचा सलोखा मंच पण आहे, ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डर संघटनेचा एक प्रतिनिधी बसून तडजोड घडवतात, मात्र दोन्ही बाजू तयार पाहिजेत. गाडी अजून बोलण्यावर असेल तर हा रस्ता मला आवडतो.

ठेकेदाराचं काम, नोंदणी नसलेली छोटी बिल्डिंग, किंवा दुरुस्ती करून झालीय आणि खर्च वसूल करायचाय, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण इथंच चालतं, त्यापुढं २ कोटींपर्यंत राज्य आयोग. इथं दुरुस्तीचा खर्च धरत नाहीत, घरासाठी किंवा कामासाठी दिलेली रक्कम धरतात. फी किरकोळ, ५ लाखांपर्यंत काही नाही, १० ते २० लाखांना ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १००० रुपये. मुदत २ वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून, आणि "बिल्डरशी बोलणं चालू होतं" या एका कारणावर उशीर माफ होईल या भरवशावर बसू नका. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ दिवस जादा, त्यानंतर त्याचं उत्तर घेत नाहीत. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण इंजिनिअरचं शपथपत्र जोडायला विसरू नका, रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. कुठं काय भरायचं कळत नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

रेरा असला म्हणून ग्राहक आयोग बंद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडं एकदम जाऊ नका, एक निवडा.

तडजोड आणि वसुली

केस चालू असताना बिल्डर मिटवायला येतो तेव्हा तोंडी काही ठरवू नका. कुठल्या भिंती, किती फूट, कुठल्या कंपनीचं मटेरियल, काम कधी सुरू कधी संपणार, पाण्याची टेस्ट कुणासमोर, पुन्हा गळलं तर किती दिवसांत येणार, हे सगळं लिहून तडजोडीची पुरसीस (दोघांच्या सहीचा लेखी कागद) दाखल करा, म्हणजे मोडली तर अंमलबजावणी मागता येते. "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" हे वाक्य त्याचा वकील घालतोच, त्याच्यापुढं "वर नमूद दोषांपुरती" हे शब्द घाला, नाहीतर दोन वर्षांनी पायाचा तडा निघाला की हाच कागद तुमच्या तोंडावर मारतील.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत तर महारेराच्या रकमेची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं आणि तिथून तहसीलला. तिथं फाइल हलायला तुम्हालाच मागं लागावं लागतं, आणि बिल्डरच्या नावावरचे न विकलेले फ्लॅट, प्लॉट, गट नंबर, सातबारे तुम्हीच शोधून दिले तर काम बरंच लवकर होतं. ग्राहक आयोगाचा आदेश पाळला नाही तर दंड किमान २५ हजार, एक लाखापर्यंत, किंवा एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही. या अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकाल लागला त्याच आठवड्यात मागून घ्या.